भरवशाचा प्लंबर कसा निवडावा?



मागच्या रविवारी वस्तीतल्या वाचनालयाची बैठक आटोपून आम्ही चपला शोधत होतो, तेवढ्यात एका वहिनींनी थांबवले. "भाऊ, सगळ्यांचे अर्ज तुम्ही लिहून देता. एक चांगला नळवाला सांगा ना. तीन वेळा आला, तीन वेळा पैसे घेतले, तोटी गळतेच आहे." आजूबाजूच्या पाच-सहा जणी थांबल्या आणि प्रत्येकीपाशी अशीच एक कहाणी निघाली. कोणाचे नवे फ्लश महिनाभरात बिघडले, कोणाच्या भिंतीला ओल आली, कोणी आगाऊ पैसे दिले तो माणूस पुन्हा दिसलाच नाही. तेव्हाच ठरवले की या वेळचे सदर याच विषयावर लिहायचे.

काहींना वाटेल, नळाची तोटी हा काय लिहिण्याचा विषय झाला? पण ज्या घरात महिन्याचा पगार वीस तारखेपर्यंत पुरवावा लागतो, त्या घरात दोन हजारांचे काम दोनदा करावे लागणे ही लहान गोष्ट नाही. त्यातून मुलाची शिकवणी थांबते, किराण्याची उधारी वाढते. शिवाय पाण्याचे काम बिघडले तर नुकसान नुसते पैशाचे होत नाही, दुखणेही घरात येते. ते पुढे सांगतोच.

आमच्या गोंदियाला पिण्याचे पाणी येते ते वैनगंगेवरच्या डांगोर्लीहून. उन्हाळ्यात नदी आटली की पुजारीटोला धरणाचे पाणी कालव्याने आणून शहराची तहान भागवावी लागते, असे आपण अनेक वर्षे पाहिले आहे. इतक्या दुरून आलेले पाणी आपल्याच भिंतीत किंवा आपल्याच तोटीतून वाया जात असेल, तर दोष दुसऱ्या कोणाला द्यावा? १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर कुडवा, फुलचूरकडे वस्ती वाढली, घरोघरी न्हाणीघर आणि संडास आले. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमुळे आमगाव, सालेकसा, देवरीकडच्या खेड्यांतही नळ पोचले. नळ वाढले, तशी नळवाल्याची गरजही वाढली. पण चांगला नळवाला ओळखायचा कसा, हे मात्र कोणी शिकवले नाही.

आमची फजिती

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची चूक सांगावी, हे बरे. काही वर्षांपूर्वी आम्ही घरच्या न्हाणीघरात नवी पाईपलाईन टाकायला घेतली. दोन मिस्त्री येऊन पाहून गेले. पहिले वयस्क होते. त्यांनी अर्धा तास पाहणी केली, टाकीवर चढून आले आणि मजुरी २,६०० रुपये सांगितली. वर म्हणाले, "भाऊ, पाईप टाकल्यावर एक दिवस भिंत उघडी ठेवा लागन. पाणी भरून पाहू, मग प्लास्टर." दुसरा तरुण होता, ओळखीतून आलेला. दारातूनच "जयभीम भाऊ" म्हणाला, चहा घेतला आणि म्हणाला, "तुमच्याकडून काय जास्त घ्यायचे, १,८०० द्या. दीड दिवसात मोकळे."

आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारी माणसे. बी.कॉम. झालेलो. ऑफिसात पंधराशे रुपयांची खरेदी असली तरी दरपत्रके मागवतो, अटी वाचतो, मगच सही करतो. घरी मात्र आठशे रुपये वाचतात आणि माणूस आपला आहे, एवढ्यावर होकार दिला. कागद नाही, बिल नाही. आपल्याच माणसाला लिहून कसे मागायचे, असा संकोच वाटला.

काम दीड दिवसात झाले हे खरे. तिसऱ्या दिवशी फरश्या लागल्या. दोन महिन्यांनी भिंतीचा रंग फुगला. आम्ही पावसाळ्याची ओल समजून दुर्लक्ष केले. ती भिंत आमची आणि शेजारच्यांची एकच. त्यांच्या बाजूने भिंतीला लागून लोखंडी कपाट होते आणि त्याच्या खालच्या कप्प्यात त्यांच्या मुलीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, टी.सी., सगळे एका पिशवीत ठेवलेले होते. एके दिवशी त्या माऊलीने ती पिशवी आमच्यासमोर उघडली. कागद एकमेकांना चिकटले होते, शिक्क्यांची शाई पसरली होती. ती एक शब्दही बोलली नाही. कागदाची किंमत आपल्या घरांत काय असते, हे वाचकांना सांगायला नको. दुय्यम प्रती काढण्यासाठी आम्ही तिच्यासोबत शाळेच्या, बोर्डाच्या आणि तहसीलच्या चकरा मारल्या. कागद मिळाले, पण मुलीचा एक प्रवेशाचा अर्ज तेवढ्यात राहिला तो राहिलाच.

भिंत फोडली तेव्हा कळले की एका जोडात पाईप पूर्ण आत बसवलाच नव्हता. वरवर सोल्युशन लावून सोडून दिला होता. फरश्या, प्लास्टर आणि मजुरी मिळून ९,४०० रुपये गेले. वाचवले होते ८००. तरुण मिस्त्रीचा फोन लागेना, आणि लागला असता तरी दाखवायला हातात एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. शेवटी त्याच वयस्क मिस्त्रींना बोलावले. त्यांनी टोमणा मारला नाही. एवढेच म्हणाले, "मी एक दिवस भिंत उघडी ठेवा म्हणलो होतो, ते याच्यासाठीच म्हणलो होतो."

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट धरून आहोत. प्लंबरचा भरवसा त्याच्या गोड बोलण्यावरून, ओळखीवरून किंवा कमी दरावरून ठरवू नये. काम झाकण्याआधी जो स्वतःहून तपासू देतो, तो भरवशाचा. बाकीच्या गोष्टी यातूनच निघतात.

बोलावण्याआधी दुखणे ओळखा

डॉक्टरकडे जाताना कुठे दुखते हे आपण सांगतो. तसेच प्लंबरला बोलावण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे हे घरातल्यांनी पाहून ठेवावे. ज्याला घरात काहीच ठाऊक नाही असे दिसते, त्याला नको ते काम सांगितले जाते. एका वायसरचे काम असताना अख्खी तोटी बदलली जाते.

तोटी गळत असेल तर तिच्याखाली एक ग्लास ठेवा आणि घड्याळ पाहा. पाव लिटरचा ग्लास अर्ध्या तासात भरला, तर दिवसाला १२ लिटर आणि महिन्याला ३६० लिटर पाणी गेले. जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचे माप धरले आहे. त्या मापाने एका माणसाचे साडेसहा दिवसांचे पाणी एका तोटीतून ठिबकून गेले. हा हिशेब घरात मुलांकडूनच करवून घ्यावा, म्हणजे तोटी घट्ट बंद करायची सवयही लागते.

गळती तोटीच्या तोंडातून होत असेल तर बहुधा वायसर झिजलेला असतो. चाबीच्या बुडातून होत असेल तर आतल्या दांड्याजवळचे पॅकिंग गेलेले असते. तोटी भिंतीला मिळते तिथून होत असेल तर जोडाची टेप किंवा सुतळी ढिली झालेली असते. टाकी भरून वाहत असेल तर बॉल कॉक बिघडलेला असतो. फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाकून अर्धा तास कोणी वापरू नये. भांड्यात पिवळे पाणी उतरले तर आतला रबर गेला समजावे. मीटर असेल तर रात्री घरातल्या सगळ्या तोट्या बंद करून आकडा टिपून घ्या आणि सकाळी पुन्हा पाहा. टाकीला पाणी न लागताही आकडा सरकला असेल तर गळती जमिनीत किंवा भिंतीत आहे.

आणि हो, मुख्य कॉक कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. पाईप फुटला तर आधी तो बंद करायचा असतो, मग फोन. घाबरून बोलावलेल्या माणसाशी भाव ठरवता येत नाही.

शोधायचा कुठे?

सर्वांत चांगले प्रमाणपत्र म्हणजे जुने काम. नुकतेच काम झालेल्या घरी विचारू नका, तिथे सगळे चांगलेच सांगतात. ज्यांच्या घरी काम होऊन एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला आहे त्यांना विचारा. तीनच प्रश्न पुरे. गळले का? गळले तेव्हा बोलावल्यावर आला का? ठरल्यापेक्षा जास्त मागितले का? यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चूक कोणाच्याही हातून होते, पण ती सुधारायला परत येणारा माणूस सोडू नये.

दुसरी जागा म्हणजे पाणीपुरवठ्याचे कार्यालय. गोंदिया शहरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, इतरत्र नगर परिषद, नगर पंचायत किंवा ग्रामपंचायत. नवी नळजोडणी घ्यायची असेल तर परवानाधारक प्लंबर कोण आहेत, हे तिथे जाऊन विचारावे. रस्त्याखालच्या मुख्य पाईपला हात लावायचे काम परवानगीशिवाय कोणीही करू नये. "मी रात्रीतून जोडून देतो, कार्यालयात जायची गरज नाही," असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. दंड भरावा लागला तर तो आपल्या नावावर येतो, त्याच्या नाही.

तिसरे, शिकलेली मुले. सरकारी आय.टी.आय.मध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो करून बाहेर पडलेल्या मुलाला अनुभव कमी असला तरी माप, उतार आणि जोडाचे शास्त्र त्याने शिकलेले असते. अशांना आधी लहान काम देऊन पाहावे. आपल्या वस्तीतला मुलगा असेल तर जरूर द्यावे. मात्र त्यालाही तेच प्रश्न विचारावेत, त्याच्याकडूनही तसाच कागद घ्यावा. आपला म्हणून सूट दिली की त्याचेही नुकसान होते, कारण तो कच्चाच राहतो.

हार्डवेअरच्या दुकानातूनही नावे मिळतात. ती घ्यावीत, पण काही ठिकाणी दुकानदार आणि मिस्त्री यांच्यात टक्केवारी ठरलेली असते, हे ध्यानात ठेवावे. काम मोठे असेल तर निदान दोघातिघांना बोलावून दाखवावे.

पहिल्या भेटीत काय पाहावे?

भरवशाचा प्लंबर आल्याबरोबर भाव सांगत नाही. आधी पाहतो. पाणी कोणत्या वेळी येते, टाकी किती उंच आहे, पाईप किती जुना आहे, बोअरचे पाणी आहे की नळाचे, हे विचारतो. लोखंडी जी.आय. पाईप आतून गंजला असेल तर पाण्याची धार बारीक होते. तिथे नुसती तोटी बदलून उपयोग नाही, हे तो आधी सांगतो. काय बदलावे लागेल आणि काय बदलायची गरज नाही, या दोन्ही गोष्टी जो सांगतो तो खरा.

त्याची पिशवीही पाहावी. पाईप पाना, आरी, माप घ्यायची टेप आणि धागे पाडायची डाय ज्याच्याजवळ स्वतःची आहे, तो धंदा मन लावून करतो. दर वेळी "तुमच्याकडे पक्कड आहे का?" असे विचारणाऱ्याबद्दल सावध असावे.

नळाला थेट मोटार लावून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. मोटार पाणी ओढते तेव्हा शेजाऱ्याचे पाणी तर जातेच, शिवाय पाईपला कुठे चीर असेल तर तिथून नालीचे पाणीही आत ओढले जाते. गीझर किंवा मोटारीच्या विजेच्या जोडणीला प्लंबरने हात घालू नये. ते काम वायरमनचेच.

एक सूचना विशेष करून घरच्या पुरुषांना. पाण्याचे काम घरात कोण करते? नळ किती वाजता येतो, कोणती तोटी कधीपासून गळते, कुठे पाणी तुंबते, हे घरातल्या बाईलाच नेमके ठाऊक असते. म्हणून प्लंबरशी बोलणे तिच्या समोर आणि तिच्या मार्फत व्हावे. आमच्या सहचारिणींनी त्या दिवशी म्हटले होते की वयस्क मिस्त्रींनी टाकी चढून पाहिली, या पोराने पाहिली नाही. आम्ही ऐकले नाही. त्याची किंमत वर लिहिलीच आहे.

तोंडी नको, कागदावर

ऑफिसातली एक सवय घरी आणावी. वहीच्या एका पानावर लिहून घ्या: काम कोणते, मजुरी किती, सामान किती, किती दिवसांत, गळल्यास किती महिन्यांपर्यंत फुकट दुरुस्ती. खाली दोघांच्या सह्या, तारीख आणि फोन नंबर. प्लंबरला लिहिता येत नसेल तर आपण लिहावे, त्याला वाचून दाखवावे आणि एक प्रत त्यालाही द्यावी. यात अविश्वास नाही. उलट उद्या आपण शब्द फिरवला तर तो कागद त्याच्याही कामाला येतो.

मजुरी आणि सामान यांचा हिशेब वेगळा ठेवावा. ठोक भावात सामान हलके पडते. शक्य असेल तर प्लंबरकडून यादी घेऊन सामान स्वतः आणावे. यादीत पाईपचा प्रकार आणि जाडी स्पष्ट असावी. घरातल्या तोटीचा पाईप साधारण अर्धा इंच म्हणजे १५ मि.मी.चा, टाकीकडून येणारी लाईन पाऊण किंवा एक इंचाची असते. गरम पाण्याच्या लाईनला साधा पी.व्ही.सी. चालत नाही, तो मऊ पडतो. तिथे सी.पी.व्ही.सी. लागतो. पाईपवर आय.एस.आय.चे चिन्ह आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या यू.पी.व्ही.सी. पाईपला आय.एस. ४९८५, सी.पी.व्ही.सी.ला आय.एस. १५७७८, जी.आय.ला आय.एस. १२३९. चिन्हाजवळ परवाना क्रमांक असतो. तो खरा की खोटा, हे भारतीय मानक ब्युरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाईल अ‍ॅपवर तपासता येते. घरातली कॉलेजात जाणारी पोरे हे काम दोन मिनिटांत करून देतील.

दुकानातून पक्के बिल घ्यावे. कोणी प्लंबर मजुरीवर जी.एस.टी. लावत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मागावा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर घेता येत नाही.

झाकण्याआधी तपासा

आता मुद्द्याची गोष्ट. काम चालू असताना घरातले एक माणूस तिथे असावे. देखरेख म्हणून नव्हे, समजून घेण्यासाठी. सी.पी.व्ही.सी. आणि पी.व्ही.सी. यांची चिकटवायची सोल्युशने वेगवेगळी असतात, एकाचे दुसऱ्याला लावू नये. पाईप सरळ कापून, पुसून, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून पूर्ण आत दाबायचा आणि थोडा वेळ धरून ठेवायचा असतो. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत त्यात पाणी सोडू नये. तोटी जिथे फिरवून बसते, तिथे पितळी आटे असलेला तुकडा घ्यावा. प्लास्टिकचे आटे जोर लागला की तडकतात.

लाईन पूर्ण झाली की टोके बंद करून टाकी भरावी आणि पाईपात पाणी भरून एक रात्र तसेच ठेवावे. दाब देऊन पाहायचे हातपंपासारखे यंत्र मिळत असेल तर फारच उत्तम. सकाळी प्रत्येक जोडावर कोरडा कागद दाबून पाहावा. कागद कोरडा राहिला तरच प्लास्टर. आणि प्लास्टरच्या आधी मोबाईलवर भिंतीचा फोटो काढून ठेवावा. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना पाईप कुठून गेला, हे त्यावरून कळते.

दुसरी तपासणी नालीजवळची. पिण्याच्या पाण्याचा पाईप नालीतून किंवा संडासाच्या पाईपाखालून नेऊ नये. तो वरून आणि शक्य तितका लांबून न्यावा. आपल्याकडे नळ चोवीस तास नसतो. पाणी बंद झाले की पाईप रिकामा होतो, आणि बारीकशा चिरेतून आजूबाजूचे घाण पाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशी नळ आला की तेच पहिल्या हंड्यात येते. कावीळ, हगवण, विषमज्वर असेच घरात शिरतात. दिल्लीत १९५५-५६ साली सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून काविळीची साथ आली, तिच्यात सुमारे २९ हजार माणसे आजारी पडली. आपल्या महाराष्ट्रात इचलकरंजीने २०१२ साली काविळीची मोठी साथ सोसली. दूषित पाण्यातून पसरणारी ही हिपॅटायटिस-ई कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते. तेव्हा नालीतून पाईप नेऊन वीस फूट पाईप वाचवून देतो म्हणणारा प्लंबर कितीही स्वस्त असला तरी तो महागच आहे.

संडासाची टाकी आणि माणसाचा जीव

हा भाग वाचकांनी घरात मोठ्याने वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे. संडास तुंबला की प्लंबर येतो. पाईप मोकळा करणे, भांडे बदलणे, जाळी साफ करणे हे त्याचे काम. पण टाकी भरली असेल तर कधी कधी सांगितले जाते, "एक पोरगा आणतो, आत उतरून साफ करून देईल." असे म्हणणारा प्लंबर त्या क्षणी रद्द करावा.

टाकीत विषारी वायू साचतो. हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. आत कोणाला पाठवले जाते, तो कोणत्या वस्तीतून आणला जातो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने ज्या कामातून मान बाहेर काढली, त्या कामाला दुसऱ्याच्या लेकराला आपल्या अंगणात लावणे आपल्याला शोभत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा संडासाच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारकामातल्या मृत्यूंबद्दल कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले आहे. पण पैशाने माणूस परत येत नाही. टाकी भरली तर नगर परिषदेकडे किंवा खासगीवाल्याकडे उपसा करणाऱ्या टँकरची चौकशी करावी. झाकण उघडल्यावर तिथे विडी, काडीपेटी पेटवू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

पैसे द्यायचे कसे?

सगळे पैसे आधी देऊ नयेत. सामानाचे पैसे बिल पाहून, मजुरीचा काही भाग काम निम्मे झाल्यावर आणि उरलेले तपासणी झाल्यावर द्यावेत. पण तपासणी झाली, काम चांगले निघाले, की उरलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत. "पगार झाल्यावर ये" असे म्हणून चार चकरा मारायला लावू नये. ठरलेल्या मजुरीतून शेवटी शंभर-दोनशे कापून घेण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. सोनाराशी आपण अशी घासाघीस करत नाही, कष्टकऱ्याशीच करतो. प्लंबरही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस आहे. भरवशाचा प्लंबर हवा असेल तर आपणही भरवशाचे गिऱ्हाईक व्हावे लागेल. त्याला पाणी आणि चहा विचारावा, आणि घरच्याच कपात द्यावा.

इतके करूनही फसवणूक झाली तर? आधी त्याला कागद दाखवून दुरुस्तीची संधी द्यावी. ऐकले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. पैसे देऊन घेतलेली सेवा त्यात येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर सल्ला मिळतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मात्र तिथे चालतो तो कागद. आमच्याजवळ त्या वेळी तोच नव्हता.

आमच्या घरी आता स्वयंपाकघराच्या दाराआड एक वही टांगलेली असते. कोणते काम कधी केले, कोणी केले, किती दिले, हे आमच्या सहचारिणी त्यात लिहितात. पहिल्या पानावर त्या वयस्क मिस्त्रींचा नंबर आहे. आता त्यांचा मुलगा काम पाहतो. तोही भिंत एक दिवस उघडी ठेवतो, आणि आम्ही काही न विचारता ठेवू देतो. शेजारच्या माऊलींनी गेल्या वर्षी न्हाणीघर नवे केले तेव्हा आमच्याकडे येऊन ती वही मागून नेली. आम्हाला तेवढेच बरे वाटले.

वाचकांनीही अशी एक वही आजच घालावी. आणि आपल्या गावात चांगले काम करणारा प्लंबर असेल तर त्याचे नाव शेजाऱ्यांना जरूर सांगावे. चांगल्या कारागिराचे नाव लपवून ठेवू नये. चार घरचे काम मिळाले तरच तो गावात टिकतो.